रानफुलाला माया सोसत नाही

श्रावण-भाद्रपदात मालवणच्या सड्यांवर फुलं पाहायला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, ही चांगली गोष्ट. त्यातले काही जण परतताना पिशवीत खुरपं घेऊन येतात, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कातळाच्या खळग्यात उगवलेली बोटभर उंचीची निळी, पांढरी, जांभळी रोपं चिखलाच्या गोळ्यासकट उचलायची आणि घरच्या बागेत लावायची. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं. उद्या इथे चिरेखाण पडणार, परवा आंब्याची बाग होणार, तेरवा प्लॉट पडणार. निदान चार रोपं तरी वाचतील!

हेतूबद्दल शंका नाही, पण हा विचार उथळ आहे असं माझं ठाम मत आहे. सड्यावरचं फूल ही सुटी वस्तू नाही. ठरावीक हलाखीत जगायला शिकलेला तो जीव आहे आणि बाग जे जे प्रेमाने देते, म्हणजे खत, सावली, उन्हाळ्यातलं पाणी, त्यानेच तो मरतो. म्हणून वाचवायचा तो सडा. रोप हलवण्याची वेळ क्वचित येते, आणि आली तरी फुलावर आलेलं रोप ही हलवायची वस्तू नव्हे. हे मत मी पायरीपायरीने मांडतो.

१. दारिद्र्य हेच कुंपण

आधी सडा काय आहे ते पाहू. कोकणातल्या मुसळधार पावसाने लाखो वर्षं खडक धुतला, त्यातली सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्याचा जांभा झाला. मालवणात शिरण्याआधी कुंभारमाठला जो सपाट माळ लागतो तो हाच. कर्ली खाडीपलीकडचा चिपी-परुळ्याचा आणि तालुक्यातल्याच कुडोपीचा सडाही याच जातीचा. यावर माती कुठे अजिबात नाही, कुठे नखभर, तर कुठे खळग्यात जेमतेम वीतभर. जी आहे ती आम्लधर्मी आणि निकस. वर्षाचा तीनेक हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने थेंब नाही. ऑगस्टमध्ये जिथे घोटाभर पाणी असतं तिथे एप्रिलात दुपारी हात टेकवत नाही.

गावात कुणाला विचारा, "सड्यार काय असता? कातळच तो." पण या कातळावर पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीचे पांढरे तुरे येतात. हिचं शास्त्रीय नाव डिपकाडी कोंकणेन्से. कोकणाचं नाव लागलेली ही कंदवर्गीय वनस्पती डाल्झेलने एकोणिसाव्या शतकात नोंदवली. गिब्सनसोबत १८६१ साली 'द बॉम्बे फ्लोरा' लिहिणारा तोच हा डाल्झेल. पुढे पाणी साचलं की गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेची आसवं येतात, मग दवबिंदू, तेरडा, कवला. प्रत्येकाची जागा ठरलेली. खळग्याच्या मध्यभागी एक, काठावर दुसरं, भेगेत तिसरं. दोन हातांच्या अंतरात मातीची खोली आणि पाण्याचा मुक्काम बदलतो, आणि तसं फूल बदलतं.

हे सगळं इथे का जगतं? जमीन चांगली आहे म्हणून नव्हे, वाईट आहे म्हणून. माती सकस असती तर उंच गवत, झुडपं, रानमोडी यांनी या बोटभर जिवांना एका हंगामात झाकून टाकलं असतं. इथे मोठ्यांना परवडत नाही म्हणून छोट्यांना जागा मिळते. बागेत आपण पहिलं काम करतो ते हे कुंपण मोडण्याचं.

२. मूळच नाही, तर उपटणार काय?

आता एकेक रोप हातात घेऊन पाहू. सीतेची आसवं सगळ्यांच्या आवडीची, म्हणून सर्वांत जास्त उचलली जाणारी. तिला खरी मुळं नसतातच. चिखलात असतात ते केसासारखे धागे आणि त्यांना लागलेल्या, टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या. ओल्या चिखलातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप आत उघडते आणि पाण्यासकट तो ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायला जितका वेळ लागतो त्याच्या शंभराव्या भागाइतकाही वेळ याला लागत नाही. नायट्रोजन मातीत मिळत नाही म्हणून हा उद्योग. खुरप्याने गोळा काढताना हे धागे तुटतात, आणि कुंडीतल्या शेणखताने जे अन्न आयतं दिलं जातं ते या व्यवस्थेला पचत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी घातलं तर आणखी लवकर निकाल लागतो. पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या कीटकभक्षी वनस्पतींना क्षार सोसत नाहीत. दवबिंदूचंही तेच.

तुतारी घ्या. लांब नळीचं हे पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. ही वनस्पती अर्धपरोपजीवी आहे. पानं हिरवी असली तरी जमिनीखाली तिची मुळं शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून रस घेतात. तिला एकटी काढून स्वच्छ कुंडीत लावणं म्हणजे तिचं जेवणाचं ताट मागे ठेवून येणं. आणि सड्यावरचं गवत 'तण' म्हणून आपण त्या कुंडीत टिकू देणार नाही, हेही ठरलेलंच.

मग हबेनारियाच्या जमिनीवर वाढणाऱ्या आमरी. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. कंद आणता येतो, पण ती बुरशी आपल्या परड्यात असेल याची हमी कोण देणार? इथे एक फसगत होते, आणि बऱ्याच 'यशस्वी' प्रयोगांचं मूळ तीत आहे. कंदात मागच्या वर्षीची शिदोरी असते. तिच्या बळावर रोप पहिल्या पावसात फुलतं. आपण फोटो काढतो, चार जणांना दाखवतो. दुसऱ्या वर्षी पान येतं, फूल नाही. तिसऱ्या वर्षी कुंडी रिकामी असते, आणि रिकाम्या कुंडीचा फोटो कुणी काढत नाही.

३. उन्हाळ्याचा दुष्काळ हाही आहार आहे

बागेची दुसरी माया म्हणजे पाणी. वैशाखात बागेत नळी फिरते आणि झोपलेल्या कंदांनाही भिजवते. दीपकाडीसारख्या कंदांना आठ महिन्यांची कोरडी झोप लागते. त्या झोपेत पाणी मिळालं की ते कुजतात.

सड्यावर काही वनस्पती याच्याही पुढे गेल्या आहेत. त्या पूर्ण वाळतात, चुरगळतील इतक्या, आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा हिरव्या होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या मंदार दातार यांच्या गटाने पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध केली. त्यातल्या कित्येक उघड्या कातळावर राहणाऱ्या आहेत. इतक्या मोठ्या संख्येने हा गुण जिथे घडला ती जागा आपल्या सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंदली जाते. त्याकडे पुढे येतो.

४. चार रोपं म्हणजे जात नव्हे

समजा, वरचं सगळं सांभाळून एखाद्या जाणकाराने रोप जगवलं. तरी काय वाचलं? सड्यावरची बहुतेक फुलं एकाच हंगामाची असतात. उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. त्यांचं पुढचं वर्ष त्या नखभर मातीत पडलेल्या बियांत असतं. आपण रोप नेमकं फुलावर असताना उचलतो, कारण तेव्हाच ते दिसतं. म्हणजे बी पडायच्या आधी पीक कापून नेतो. एका रोपासोबत पुढच्या वर्षीची पन्नास-शंभर रोपं जातात, आणि हे त्या सड्यावर घडतं जिथे जेसीबी अजून आलेलाही नसतो.

शिवाय बीजधारणेला परागवाहक लागतो. कंदीलपुष्पाची रचना पाहण्यासारखी आहे. नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली बारीक माशी आत घसरते आणि अडकते. परागकण तिला चिकटले, केस कोमेजले की तिची सुटका. ही माशी नर्सरीत मिळत नाही. वेल कुंपणावर सुंदर चढेल, फुलंही धरेल, आणि त्या वेलीची वंशरेषा तिथेच थांबेल.

वनस्पती उद्यानं हेच काम करतात ना, असं इथे कुणी विचारेल. करतात, पण वेगळ्या रीतीने. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जातींवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यात रोप कुठून आणलं याची नोंद असते, बियांपासून आणि ऊतिसंवर्धनाने संख्या वाढवलेली असते, आणि शेवटी रोपं मूळ अधिवासात परत नेलेली असतात. परतीचा रस्ता हाच तिथला कळीचा भाग. आपल्या अंगणात आलेल्या रोपाला परतीचं तिकीट नसतं. आययूसीएन या जागतिक संघटनेने २०१३ साली अशा स्थलांतरासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातला बराच भाग, हे करण्याची खरंच गरज आहे का आणि काय बिघडू शकतं, याच प्रश्नांवर खर्च झाला आहे.

५. बागप्रेमाचा इतिहास तितकासा निष्पाप नाही

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड-आयर्लंडमध्ये नेचे गोळा करण्याचं वेड पसरलं होतं. घरोघरी काचेच्या पेट्यांत नेचे. लोक खलनायक नव्हते, निसर्गप्रेमी होते. त्या प्रेमापायी किलार्नी नेचा नावाची जात अनेक ठिकाणांहून जवळजवळ नाहीशी झाली. ब्रिटनने १९८१ च्या कायद्यात जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटायला बंदी केली, मग ते दुर्मिळ असो वा नसो. उलट दिशेची गोष्ट आपल्याला जास्त ओळखीची आहे. घाणेरी आणि जलपर्णी दोन्ही शोभेसाठी आणलेल्या वनस्पती. बाग आणि रान यांच्यातली वाहतूक कुठल्याही दिशेने झाली तरी तिचं बिल उशिरा येतं, आणि ते माळ्याच्या नावावर फाटत नाही.

६. वाचवण्याचा खेळ कुणाच्या पथ्यावर पडतो

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सातबारावर सड्याची नोंद बहुधा पोटखराब म्हणून असते. ज्या जमिनीत पीक निघत नाही तिची किंमत शून्य धरून सगळी धोरणं पुढे जातात. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, आणि सुरुंग लावून, पुढे जेसीबीने, कातळात खड्डे पाडून बाहेरची माती भरून कलमं लावली गेली. त्या योजनेने कोकणातल्या कितीतरी घरांत पैसा आला. तिला नुसती नावं ठेवणं हा शहरी उद्दामपणा होईल. सामाजिक वनीकरणाने सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळी लावल्या. तेही 'हिरवं' करण्याच्या सद्हेतूनेच. चिपीच्या सड्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. विमानतळ नको होता असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की या कुठल्याही निर्णयात तिथे आधी काय होतं हा रकाना भरावा लागला नाही, कारण कागदावर तिथे काही नव्हतंच.

आणि आता 'रोपं हलवून वाचवता येतात' ही समजूत रुजली तर तो रकाना भरूनही उपयोग नाही. खाणमालक म्हणेल, पन्नास कुंड्या देतो. बांधकामवाला म्हणेल, प्रकल्पात रानफुलांचं उद्यान ठेवतो. धरणांच्या बाबतीत माणसांचं पुनर्वसन ही कागदी पळवाट कशी होते हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. माणूस निदान मोर्चा काढतो. आपली कुंडी त्या पळवाटेचा नमुना म्हणून दाखवली जाईल.

उलट जागा वाचवण्याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. २०२० साली तिचं 'शिस्तुरा हिरण्यकेशी' असं नामकरण झालं. तिला कुणी काचेच्या टाकीत हलवलं नाही. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तो परिसर जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. २००२ च्या जैविक विविधता कायद्यात ही तरतूद आहे, आणि त्याच कायद्याने गावोगावच्या समित्यांना लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. कुडोपीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शिल्पं आणि फुलं एकाच कातळावर आहेत. शिल्पांसाठी तो कातळ न फोडण्याचा विचार होऊ शकतो, तर त्याच कातळावरच्या फुलांसाठी कुंडी हा उपाय का?

७. आक्षेप

*'उद्या जेसीबी येणारच असेल तर?'* हा खरा प्रश्न आहे आणि त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही. खाणीला परवानगी मिळाली, तारीख ठरली, अडवण्याचे रस्ते संपले, तर उचला. पण फुलं नव्हे. मे महिन्यात, सगळं वाळलेलं असताना, खळग्यांतली नखभर माती खरवडून पोत्यात भरा. बिया, कंद, वाळलेलं गवत, बुरशी, सगळं त्या मातीत एकत्र आहे. ती जवळच्याच, तशाच उघड्या कातळावर किंवा बंद पडलेल्या चिरेखाणीच्या सपाट तळावर, पाऊस सुरू व्हायच्या आधी पसरा. याने सडा जसाच्या तसा उभा राहील असं नाही. पण बागेपेक्षा हा जुगार शहाणपणाचा आहे, कारण यात निदान शेजारपाजार एकत्र हलतो. यात फुलांचा फोटो मिळत नाही, ही अडचण मला मान्य आहे.

*'आपल्या आज्यांनी रानातूनच झाडं आणून लावली ना?'* लावली. परसातली कितीतरी झाडं कधीकाळी कुणीतरी रानातून आणलेलीच आहेत. पण त्यांनी ती आवडली म्हणून आणली, वाचवतो असं कधी म्हटलं नाही. आणि जी बागेत रमली तीच पिढ्यान्‌पिढ्या टिकली, न रमलेली विसरली गेली. तेरड्याच्या गौरी तर आजही मुळासकट घरी येतात. पण तेरडा हे उदंड उगवणारं, स्वतःच बी उडवणारं रोप आहे, आणि गौर पाहुणी म्हणून येते व विसर्जित होते. तिला कुणी कायमची ठेवून घेत नाही. आवडलं म्हणून आणायचं असेल तर तसं म्हणा, आणि कळलावी आणा, रानहळद आणा, जिचे कंद वाढतात आणि जी गडग्याकडेला आनंदाने राहते. पुळणीवरची मर्यादवेल तर कांडीवरून लागते. कळलावी विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर दोनदा विचार करा.

*'मुलांना फूल रोज दिसलं तर जिव्हाळा लागेल.'* या आक्षेपाला मी अर्धा मान देतो. ओळखीशिवाय आस्था येत नाही. पण कुंडीतल्या सीतेच्या आसवांतून मूल काय शिकेल? फूल निळं असतं, इतकंच. पाणी किती साचलं की कुठलं फूल येतं, गुरं चरून गेलेल्या पट्ट्यात काय दिसतं आणि न चरलेल्यात काय, हे सड्यावरच कळतं. मालवण शहरातून कुंभारमाठ किती लांब? ज्यांना तारकर्लीपर्यंत आठवड्याला जाता येतं त्यांना हे अंतर जड नाही. बी. जी. कुलकर्णींनी १९८८ साली सिंधुदुर्गाच्या वनस्पतींचं पुस्तक लिहिलं, अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये सह्याद्री-कोकणातल्या सड्यांचा आढावा घेतला. पायाखालचं काय आहे हे सांगणारी माणसं आहेत. शाळांनी त्यांच्या कामाचा उपयोग करून घ्यायचा बाकी आहे.

८. मग बागेनं काय करावं

बागेला मी हद्दपार करत नाही. एक बचाव तर मी मनापासून करायला सांगेन. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर झाडांची जी पाडापाड झाली, तशी थोडीफार दर पावसात होतेच. पडलेल्या फांद्यांवर सीतेची वेणी आणि इतर आमरी असतात. लोक त्यांना बांडगूळ समजून फांदीसकट चुलीत घालतात. आमरी झाडाचा रस शोषत नाही, नुसती सालीवर बसते. फांदी जमिनीवर पडली की ती आमरी तशीही मरणारच. ती काढून परसातल्या आंब्याच्या फांदीवर, मूळच्याच बाजूला उजेड येईल अशी, सुंभाने बांधा. हवा तीच, पाऊस तोच, साल साधारण तशीच. इथे वाचवणं या क्रियेला अर्थ आहे, कारण जागा आपण नष्ट केलेली नाही आणि नवी जागा जुनीसारखीच आहे.

दुसरं काम न करण्याचं आहे. घराभोवती जांभ्याचा जुना गडगा असेल तर त्याच्या फटींत पावसाळ्यात काय काय उगवतं ते एकदा बसून पाहा. शेवाळ, नेचे, कधी बिगोनिया, कधी तेरड्याचं चुकार रोप. ही सगळी मंडळी न बोलावता आली आहेत, म्हणजे जागा त्यांना मानवली आहे. आपण मात्र गणपतीच्या आधी रंगरंगोटी काढतो तेव्हा फटींत सिमेंट भरतो, खळ्यात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवतो आणि कडेला तणनाशक मारतो. मग त्याच फरशीवर कुंडी ठेवून त्यात सड्यावरचं रानफूल लावतो. हा क्रम उलटा करायला खर्च नाही. गडगा बिनसिमेंटचा ठेवावा, परड्याचा एक कोपरा खत न घालता, उन्हाळ्यात पाणी न घालता उघडा सोडावा, आणि त्यात दिवाळीपर्यंत खुरपं लावू नये. जे उगवेल ते कदाचित फारसं देखणं नसेल. शेजारी 'आळशी' म्हणतील.

आणि खुरप्यावाचून वाचलेला वेळ ग्रामसभेत घालवावा. गावच्या नोंदवहीत सड्याचं पान आहे का हे विचारायला एकच माणूस पुरतो. नसेल, तर कुठल्या खळग्यात कुठल्या महिन्यात काय फुलतं याची यादी करायला पिशवीतून खुरपं नेणाऱ्या त्याच मंडळींइतकी योग्य माणसं दुसरी नाहीत. त्यांना जागा पाठ असतात. ती यादी समितीच्या ठरावात गेली, तर पुढच्या चिरेखाणीचा अर्ज येईल तेव्हा तहसीलदारापुढे ठेवायला कागद तरी असेल.